बोटी सुटेपर्यंत

माझी सून नोएला कुठलाही निर्णय घ्यायला वेळ लावते. स्वयंपाकघराला रंग कुठला द्यायचा हे ठरायला दोन हिवाळे गेले, आणि तोवर भिंतीवर चार रंगांचे चार पट्टे घेऊन ती आणि माझा मुलगा रेनाल जेवत होते. आमच्या रेनालला लग्नाला हो म्हणायलाही तिनं अकरा महिने घेतले. तेव्हा मीच म्हणाले होते, "अरे, इतक्या वेळात शेवंडसुद्धा पिंजऱ्यात शिरते." धक्क्यावर ते वाक्य इतकं चाललं की लग्नात पाद्रीबाबांनीही वापरलं. नोएला हसली नाही. तिला विनोद कळत नाही असं नाही, पण ती तोही आधी तपासून घेते.

हात मात्र तिचा भलताच चपळ. शेवंडीच्या पिंजऱ्यात आत जाळीची नरसाळी लागतात, ती नोएला घरी बसून विणते. पिंजऱ्याला दोन खोल्या असतात. पहिलीत आमिष टांगतात, तिला आम्ही स्वयंपाकघर म्हणतो. तिथून शेवंड जाळीच्या नरसाळ्यातून पुढच्या खोलीत जाते, तो दिवाणखाना. दिवाणखान्यात गेलेली शेवंड परत येत नाही. आमच्या धक्क्यावरच्या निम्म्या पिंजऱ्यांत नोएलाची जाळी आहे आणि तिची गाठ सुटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस गेले. तारीख निघाली सतरा नोव्हेंबर. ती ऐकून गाव गालात हसलं. आमचा शेवंडीचा हंगाम नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी सुरू होतो आणि मे संपता संपता संपतो. शहाणी माणसं पोरं उन्हाळ्यात जन्माला घालतात, बाप घरी असताना. नोव्हेंबरचं पोर म्हणजे फेब्रुवारीतल्या वादळाचं. त्या वर्षी आठ दिवस बोटी धक्क्याला बांधून होत्या, आणि त्याचा हिशेब कुणालाही बोटांवर करता येत होता. नोएला लाल व्हायची आणि विणत राहायची.

सतरा तारीख आली आणि गेली. बाळ काही जागचं हललं नाही. "दिवाणखान्यात जाऊन बसलंय," असं धक्क्यावर म्हणायला लागले. मीही दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणवेना, कारण तोवर मला भीती बसली होती.

कशाची, ते सांगते. हंगामाचा पहिला दिवस म्हणजे टाकणी, पिंजरे समुद्रात टाकायचा दिवस. त्या दिवशी पहाटे सहाला सगळ्या बोटी एकदम सुटतात. प्रत्येक बोटीवर पिंजरे इतके रचलेले की मागून पाहिलं तर बोट दिसत नाही, नुसता ढीग चाललेला दिसतो. जो आधी पोचेल त्याची जागा. त्या दिवशी जी बोट सुटली नाही तिची जागा गेली, आणि जागा गेली की तिच्यावरच्या तीन खलाशांच्या घरांचा हिवाळा गेला. वर्षातला सगळ्यात धोक्याचा दिवसही तोच. माल जास्त, बोट जड, माणसं घाईत. नोव्हा स्कोशियाच्या या टोकाला असं घर नाही, जिथे त्या पहाटे कुणी अंथरुणात आहे.

आमच्या बोटीचं नाव लेओनी, म्हणजे माझंच. तिचं इंजिन तीनदा बदललंय, माझं अजून एकदाही नाही. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तिचा तांडेल माझा नवरा अल्सीद होता. मग त्याच्या हृदयात दोन स्टेंट बसले, डॉक्टरांनी थंडी, दगदग, वजन सगळं बंद केलं, आणि त्यानं सुकाणू रेनालच्या हाती दिलं. दिलं म्हणजे काय, हातातून सुटलं. तेव्हापासून तो खिडकीत बसून असतो. भरती-ओहोटीवरून वेळ सांगतो, कारण घड्याळ त्यानं कधी बांधलं नाही. घड्याळ बांधणारा माणूस समुद्रावर नोकरी करतो, असं त्याचं म्हणणं.

टाकणीच्या आठ दिवस आधी, रविवारी, मी मागच्या पडवीत लाकडं आणायला गेले. तिथे अल्सीदचा रबरी डगला धुऊन टांगलेला होता. खाली त्याचे गमबूट, तेल लावून पुसलेले, आणि आत नवे हातमोजे खोचलेले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी लाकडं तशीच टाकली आणि रेनालला गाठलं.

तो नजर चुकवायला लागला. मग म्हणाला, "आई, नोएलाच्या कळा नेमक्या टाकणीला सुरू झाल्या तर मी तिच्यापाशी थांबणार. बोट कोण नेणार मग? ती जागा बाबांशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

"आणि त्याच्या काळजाला काही झालं तर?"

"फक्त सुकाणू धरायचंय त्यांना."

"आयुष्यात कधी नुसतं सुकाणू धरून बसलाय तो?"

बापलेकांनी आमच्या पाठीमागे ठरवून टाकलं होतं. अल्सीदला विचारण्यात अर्थ नव्हता. जिना चढताना तो मधल्या पायरीवर थांबतो आणि भिंतीवरचा फोटो बघायचं नाटक करतो. बेचाळीस वर्षं तो फोटो तिथेच आहे.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. बाळ टाकणीच्या आधी आलं तर रेनाल जाईल, नंतर आलं तरी रेनाल जाईल. पण त्याच दिवशी आलं तर अल्सीद जाणार. माझ्या सगळ्या आयुष्याचं ओझं एका न जन्मलेल्या पोराच्या तारखेवर येऊन बसलं होतं. आणि हे मी नोएलाला सांगू शकत नव्हते. अवघडलेल्या बाईला काय सांगायचं, की तुझ्या कळांवर माझं कुंकू टांगलंय?

गुरुवारी तिला एक्केचाळीस आठवडे पूर्ण झाले. रेनाल धक्क्यावर पिंजरे चढवत होता, म्हणून डॉक्टरकडे मी घेऊन गेले. डॉक्टर म्हणजे जोसेट, आमच्याच गावची. तिचं नाक मी पुसलंय, पण दवाखान्यात ती मला ओळख अगदी बेतानं देते.

तिनं पडद्याआड तपासलं आणि बाहेर येऊन हात धुतले. "गर्भाशयाचं तोंड मऊ झालंय, बोटभर उघडलंय. बाळाचे ठोके छान आहेत, पाणी भरपूर आहे. आता तुला हवं तर मी स्वीप करू शकते."

"म्हणजे नेमकं काय करायचं?" नोएलानं विचारलं. तिला ते ठाऊक होतं. तिच्या धाकट्या बहिणीचं, कोरीनचं, झालं होतं. पण तिला पुन्हा ऐकायचं असतं.

"आत बोट घालून, गर्भाशयाच्या तोंडाशी चिकटलेला पाण्याच्या पिशवीचा पडदा भोवतीनं सुटा करायचा. दोन मिनिटांचं काम. दुखतं. नंतर थोडं रक्त दिसेल. कधी दोन दिवसांत कळा सुरू होतात, कधी काहीच होत नाही. कधी नुसत्या खोट्या कळा येतात आणि झोप उडते."

"आणि नाही केलं तर?"

"तर नाही. बुधवारपर्यंत वाट बघू. मग दाखल करून सलाइननं कळा आणू. तेही बऱ्याच जणींचं होतं."

मला राहवेना. "जोसेट, तुझं काय मत?"

"माझं मत तिला हवं असेल तर ती विचारेल, मावशी."

"सोमवारी टाकणी आहे."

"माझा भाऊही जातोय सोमवारी," जोसेट म्हणाली. "पण या खोलीत सोमवार नाही. इथे एक्केचाळीस आठवडे आहेत आणि नोएला आहे."

नोएला पोटावर हात ठेवून बराच वेळ बसली. बाहेर पुढची बाई खोकत होती. शेवटी नोएला म्हणाली, "मला विचार करायचाय."

मला वाटलं, भिंतीवरचे चार पट्टे पुन्हा आले. जोसेटनं मात्र मान डोलावली आणि सांगितलं, शनिवारी मी वॉर्डात आहे, ठरलं तर ये.

गाडीत बसल्या बसल्या मी सुरू केलं. "दोन मिनिटांचं काम होतं."

"तुमच्यासाठी दोन मिनिटांचं, मादाम लेओनी."

एरवी ती मला आई म्हणते. मादाम म्हणाली की समजायचं, पारा चढलाय. पण मी गप्प बसते कुठली. म्हटलं, "आज केलं असतंस तर रविवारपर्यंत मोकळी झाली असतीस. रेनाल पोराचं तोंड बघून गेला असता. एवढा साधा हिशेब."

"कोरीननंही गुरुवारीच केलं होतं. रविवारपर्यंत नुसत्या कळा येऊन जात होत्या, तीन दिवस झोप नाही. खऱ्या कळा सुरू झाल्या तेव्हा तिच्यात जोर उरला नव्हता. माझं तसं झालं तर माझ्या खऱ्या कळा नेमक्या सोमवारी येतील. मग?"

"आणि काही केलं नाहीस आणि आपोआप सोमवारी आल्या तर?"

"तर माझ्या हातानं नाही आल्या ना."

हे ऐकून मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर रस्ता बघत होती. मला वाटलं, हिला काही कळलंय का? मग वाटलं, चोराच्या मनात चांदणं. मी रेडिओ लावला आणि दोघी हवामान ऐकत घरी आलो.

शुक्रवारी अख्खं गाव तिच्या स्वयंपाकघरातून जाऊन आलं. एकीनं अननस आणला. एकीनं एरंडेलाची बाटली आणली, ती मी परत दिली. शेजारचा म्हातारा म्हणाला, रेनालच्या ट्रकमध्ये बसव आणि खाणीच्या रस्त्यानं दोनदा फिरवून आण. कोरीन फोनवर म्हणाली, काही करू नकोस, ताई, जन्मभर वैऱ्यालाही सांगणार नाही. माझी बहीण म्हणाली, अगं कर, माझ्या दोन्ही मुलींचं संध्याकाळी केलं आणि सकाळी पाळणा हलला. मी बटाटे किसून, पिळून, कोंबडी घालून मोठी परात भरून रापूर भाजली. आमच्याकडे काळजी वाटली की रापूर भाजतात, कारण किसता किसता दुसरं काही करता येत नाही. नोएलानं दोन घास खाल्ले, सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि विणत राहिली. तिचे पाय इतके सुजले होते की रेनालचे बूट घालून ती घरात वावरत होती.

मी निघताना तिनं एकच विचारलं. "आई, तुम्हाला माझ्यासाठी काय वाटतं? टाकणी सोडून."

टाकणी सोडून मी पाच दिवसांत काही वाटूनच घेतलं नव्हतं. त्याची मला तेव्हा लाज वाटली आणि आजही वाटते.

शनिवारी सकाळी सगळ्या धक्क्यांचे प्रतिनिधी, मासेमारी खातं आणि हवामानवाले फोनवर बसतात आणि टाकणी करायची की पुढे ढकलायची ते ठरवतात. आठच्या सुमाराला निरोप आला. रविवार-सोमवार जोराचा वारा. टाकणी मंगळवारी पहाटे.

अल्सीद खिडकीतून म्हणाला, "मी सांगितलं होतं. समुद्रपक्षी कालपासून शेतात बसलेत." आणि मला न सांगता पडवीत जाऊन त्यानं गमबुटांवरून पुन्हा फडकं फिरवलं. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. मी कोट घातला आणि पलीकडे नोएलाच्या घरी गेले. ठरवलं होतं की आज सांगून टाकायचं, मग ती मला मादाम म्हणो नाहीतर आणखी काही.

ती खिडकीपाशी खुर्चीत बसून जाळी विणत होती. रेनाल धक्क्यावर दोर आवळायला गेला होता. मी उभ्यानंच सांगितलं. डगला, गमबूट, हातमोजे, बापलेकांचं ठरलेलं, जिन्यातला फोटो.

तिनं गाठ पूर्ण केली, मगच सुई खाली ठेवली. "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"रविवारपासून. तुम्ही पडवीत पाहिलंत त्याच दिवशी. मी अंडी न्यायला आले होते. तुम्ही लाकडं टाकून तरातरा निघालात, म्हणून मी आत डोकावले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठे बोललात?"

मी खुर्ची ओढून बसले. ती म्हणाली, "आई, सहा दिवस मला हेच सुचेनासं झालंय. मी हो म्हटलं आणि उशिरा कळा आल्या, तर बाबांना मी पाठवलं. नाही म्हटलं आणि त्याच दिवशी आल्या, तरी मीच. पोर अजून आत आहे आणि त्याच्यावर एवढं ओझं. उद्या बाबांना काही झालं तर त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला गाव काय म्हणेल? मला ते नकोय."

"मग काय करायचं?" मी तिला विचारलं. सासू मी, आणि विचारत होते मी.

"वाऱ्यानं एक दिवस वाढवून दिलाय. बोट बांधलेली आहे, रेनाल घरी आहे. आज करते." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पण बाबांसाठी नाही करत. बुधवारी सलाइननं आणण्यापेक्षा आपल्या आपण आल्या तर बऱ्या, एवढ्यासाठी. माझ्यासाठी आणि त्याच्यासाठी. हे तुम्ही नीट ऐका, आणि उद्या काहीही झालं तरी दुसरं काही म्हणू नका."

मी मान हलवली. तिला निर्णय घ्यायला वेळ लागतो असं मी म्हणत आले. त्या दिवशी कळलं, आम्ही बाकीचे निर्णय घेत नाही, नुसते बोलून मोकळे होतो.

हॉस्पिटलात जोसेटनं तिला पुन्हा सगळं समजावलं, मधेच कधीही थांब म्हण असं सांगितलं. मी पडद्याबाहेर उभी होते. आतून नोएलाचा एक लांब श्वास ऐकू आला आणि मग, "चालू दे." एवढंच. बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. म्हणाली, "दोन मिनिटं कसली, पाच होती."

त्या संध्याकाळी कळा सुरू झाल्या. रेनाल घड्याळ लावून बसला. बारा मिनिटं, दहा मिनिटं, पुन्हा बारा. मी पिशवी दाराशी ठेवली. रविवारी सकाळी, बाहेर वारा छपरं उचलायला आलेला असताना, कळा थांबल्या. नुसत्याच थांबल्या. सोमवारी दिवसभर काही नाही. कोरीनचा फोन आला, सांगितलं होतं ना मी. मला तिचा गळा धरावासा वाटला. सोमवारी संध्याकाळी वारा पडला आणि धक्क्यावरून इंजिनं तपासल्याचे आवाज यायला लागले. अल्सीदनं लवकर जेवून घेतलं आणि मला काही विचारलं नाही.

मंगळवारी पहाटे पाचला सगळं गाव धक्क्यावर. गाड्यांचे दिवे पाण्याकडे तोंड करून लावलेले, थर्मासमधली कॉफी, पाद्रीबाबा आशीर्वाद द्यायला छत्री घेऊन उभे. थंडी हाडात शिरत होती. मी नोएलाला घरी राहा म्हटलं होतं, पण ती आली. तांडेलाची बायको टाकणीला धक्क्यावर नसली तर बोटीला अपशकुन, हे तिनं मला माझ्याच शब्दांत ऐकवलं. अल्सीद ट्रकजवळ उभा होता, अंगावर साधा कोट, पायात मात्र गमबूट. "ओलं आहे," तो म्हणाला.

रेनाल बोटीवरून उडी मारून आला. नोएलाच्या पोटावर हात ठेवून म्हणाला, "काही वाटतंय? खरं सांग. आत्ता सांग, बाबा तयार आहेत."

नोएला धक्क्याच्या लोखंडी कठड्याला टेकून उभी होती. मी तिच्या बाजूलाच होते, म्हणून मला दिसलं. तिचा कठड्यावरचा हात आवळत गेला. बोटांची पेरं पांढरी झाली. मी मनात मोजलं. चाळीसपर्यंत गेले, मग हात सैल झाला. अशी कळ खोटी नसते. मला एकच मूल झालंय, पण ते बाळंतपण अजून लक्षात आहे.

"काही नाही," ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. "जा तू. मागची पिंजऱ्यांची रांग नीट बांध, डावीकडे झुकलीय."

रेनालनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याची आई. माझ्या एका शब्दावर तो थांबला असता, स्वतःच्या लेकराच्या जन्माला हजर राहिला असता. तो शब्द माझ्या तोंडात होता आणि मी तो गिळला. पाच पावलांवर अल्सीद उभा होता, त्याच्या पायात ते बूट होते. मी म्हणाले, "जा रे, उशीर होतोय."

सहाला बोटी सुटल्या. लेओनीचा दिवा बाकीच्या दिव्यांत मिसळेपर्यंत नोएला हात हलवत राहिली. मग ती कठड्यावर वाकली आणि म्हणाली, "आई, चारपासून चालू आहेत. आता सहा मिनिटांवर आल्या."

मला तिला मारावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. वेळ दोन्हीला नव्हता. अल्सीद ट्रकचं दार उघडून उभा होता. कुणी त्याला हाक मारली होती असं मला आठवत नाही. पन्नास किलोमीटरचा रस्ता त्यानं असा कापला की खड्डा यायच्या आधी सांगायचा, "आला बघ, धर." नोएला प्रत्येक कळेला माझा अंगठा पिळत होती. वाटेत तीनदा म्हणाली, "रेनालला सांगू नका." मी तीनदा म्हटलं, नाही. पोरीला काही कमीजास्त झालं तर रेनालला काय तोंड दाखवायचं, याची भीती मला हॉस्पिटलच्या दारापर्यंत पुरली. वॉर्डात नर्सनं विचारलं, कळा कधीपासून? तिनं खरं ते सांगितलं आणि नर्सनं तसं लिहून घेतलं.

दुपारी पावणेचारला मुलगी झाली. साडेतीन किलो, डोक्यावर काळंभोर जावळ, आणि रडायला चांगला मिनिटभर वेळ घेतला. आईवर गेली आहे. मी जोसेटला विचारलं, तुझ्या त्या शनिवारच्या कामानं झालं का हे? ती म्हणाली, "कुणाला ठाऊक, मावशी. झालंही असेल, नसेलही."

अल्सीदनं धक्क्यावर फोन केला, धक्क्यावरून रेडिओवर बातमी गेली. नंतर ऐकलं ते असं की पाण्यावर चाळीस बोटी होत्या आणि पहिला आवाज आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या पोराचा आला, "काय रे रेनाल, दिवाणखान्यातून सुटलं का?" रेनालनं म्हणे नुसतं बटण दाबून धरलं होतं आणि इंजिनाचा आवाज येत राहिला.

तो आला तेव्हा बाहेर अंधार पडला होता. अंगाला आमिषाचा वास, हात फाटलेले. आमची जागा मिळाली होती, सगळी माणसं सुखरूप परतली होती. दोनदा हात धुऊन त्यानं मुलगी घेतली आणि बराच वेळ नुसता तिच्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "कळा कधी सुरू झाल्या?"

पलंगाच्या पायाशी तक्ता लटकत होता आणि त्यावर नर्सच्या अक्षरात चार वाजल्याचं लिहिलेलं होतं.

"बोटी सुटल्यावर," नोएला म्हणाली. "साधारण सातला. हो ना, आई?"

"सातला," मी म्हणाले.

अल्सीद खिडकीशी पाठमोरा उभा होता, पायात तेच बूट. तो वळला नाही. "सातच," तो म्हणाला. "मी घड्याळ बघितलं होतं."

म्हणजे त्यानंही धक्क्यावर तिचा हात पाहिला होता. पाहिला होता, आणि पुढे झाला नव्हता. बेचाळीस वर्षांत त्याला पाय मागे घेताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेही धक्क्यावर नाही, तर त्या संध्याकाळी, त्याच्या पाठीकडे बघून.

रेनालनं बापाच्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. मग तक्त्याकडे, मग बायकोकडे. मुलीला त्यानं जरा वर, खांद्याशी घेतलं.

"सातला तर सातला," तो म्हणाला.